वहीतील दोन तारखा

संघाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापारोपयोगी असे काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींनी आम्हांस आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढील सारे शिक्षण बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या गादीवर बसून झाले. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, सन २०२४ च्या आरंभी आमच्या पेढीवर जो प्रसंग गुदरला व त्यातून आम्हांस जे शिकावयास मिळाले, तेच सभासद बंधुभगिनींपुढे ठेवतो. विषय संगणकातील माहितीच्या साठवणुकीचा, म्हणजे ज्यास हल्ली सर्वजण डेटाबेस म्हणतात त्याचा आहे. परंतु त्याचे मर्म आपल्या वाडवडिलांच्या रोजकीर्दीतच आहे, म्हणून तो कोणास परका वाटू नये.

केंद्र सरकारने १२ जून २०२३ रोजी गव्हाच्या साठ्यावर मर्यादा घातली, हे धान्याच्या व्यापाऱ्यांस आठवत असेलच. घाऊक व्यापाऱ्यास प्रारंभी ३,००० टनांची मुभा होती. १४ सप्टेंबर २०२३ रोजी ती २,००० टनांवर आली, ८ डिसेंबर रोजी १,००० टनांवर, आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ५०० टनांवर. मर्यादा घटली की जादा माल तीस दिवसांत कमी करावयाचा आणि दर शुक्रवारी साठ्याचा आकडा सरकारदरबारी संगणकावरून कळवावयाचा, असा दंडक होता.

शुक्रवार, १९ जानेवारी २०२४ रोजी आमच्या पेढीने ९४६ टन साठा कळविला. आकडा खरा होता. मार्च महिन्यात खात्याचे निरीक्षक तपासणीस आले आणि त्यांनी त्याच दिवसाचा साठा आमच्या संगणकावरून काढून मागितला. यंत्राने कागद छापून दिला: १,०१८ टन! कळविल्यापेक्षा ७२ टन अधिक, आणि मर्यादेपेक्षा १८ टन अधिक. जीवनावश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्यात अशा गुन्ह्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. चाळीस वर्षांच्या व्यापारात आमच्या गादीवर बोट ठेवण्याचा प्रसंग कोणावर आला नव्हता. त्या कागदाकडे पाहून आमच्या पायांखालची जमीन सरकली.

शोध घेता उलगडा झाला तो असा. बुधवार, १७ जानेवारीस आम्ही तीन ट्रक, प्रत्येकी २४ टन, गहू एका गिरणीस विकला. गिरणीने तो उतरवून घेतला. परंतु तपासणीत ओलावा अधिक निघाला म्हणून २९ जानेवारीस परत पाठविला. तोवर इतर माल विकला गेल्याने आमचा साठा मर्यादेच्या पुष्कळ खाली होता. खरे पाहता २९ तारखेस 'माल परत' अशी नोंद व्हावयास हवी होती. आमच्या नव्या कारकुनाने सोपा मार्ग धरला. त्याने फेब्रुवारीत १७ जानेवारीचे विक्रीचे बिलच संगणकातून काढून टाकले. बाकी जुळली, कारकून निश्चिंत झाला. परंतु त्या क्षणापासून यंत्राच्या लेखी तो ७२ टन गहू कधी बाहेर गेलाच नव्हता. १९ जानेवारीसही तो आमच्याच गोदामात पडून होता!

आम्हांस तारले ते आमच्या वृद्ध दिवाणजींनी. संगणक आला तरी त्यांनी हाताने रोजकीर्द लिहिणे सोडले नव्हते. मुले त्यांस हसत. त्या दिवशी त्यांनी वही उघडून १७ तारखेचे पान दाखविले, त्यावर तिन्ही ट्रकांचे क्रमांक; मग २९ तारखेचे पान दाखविले, त्यावर तेच ट्रक परत. सोबत बिल्ट्या आणि वजनकाट्याच्या पावत्या. निरीक्षक सज्जन होते. त्यांनी सर्व कागद ताडून पाहिले, तसा शेरा लिहिला आणि प्रकरण मिटले. त्या रात्री मात्र आम्हांस झोप आली नाही. ज्या यंत्रावर आम्ही सारा भरवसा टाकला, ते आमच्याविरुद्ध साक्ष देते कसे?

कारकुनावर आम्ही रागावलो, तेव्हा आमच्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, दोष एकट्या त्याचा नाही. ज्या वहीत कालची ओळ पुसता येते, त्या वहीला कालचा दिवस ठाऊकच नसतो." सूनबाई पुण्यास संगणकाचे शिक्षण घेतलेल्या. पुढे कित्येक रविवारी त्यांनी आम्हांस हा विषय समजावून दिला. खालील माहितीचे श्रेय त्यांचे, चुका असल्यास त्या आमच्या.

कोष्टकांची वही

आज जगातील बहुतेक पेढ्या, बँका आणि सरकारी कचेऱ्या ज्या पद्धतीने माहिती ठेवतात, तिला रिलेशनल डेटाबेस असे नाव आहे. तिचे जनक एडगर कॉड हे इंग्लंडात जन्मलेले गणिती. अमेरिकेत सॅन होझे येथील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत असता त्यांनी १९७० साली आपला निबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी. प्रत्येक ओळ एका किल्लीने ओळखावी. एकाच किल्लीच्या दोन ओळी असू नयेत. आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशी संबंध केवळ लिहिलेल्या मूल्यावरून जुळावा, अशी त्यांची योजना. आपल्या खतावणीत प्रत्येक आसामीचे खाते एकच असते आणि रोजकीर्दीतील नोंद खातेपानाच्या आकड्यावरून तेथे पोहोचते, तसाच हा प्रकार. या कोष्टकांशी बोलण्याची जी भाषा, ती एसक्यूएल. तिचे पहिले प्रमाण १९८६ साली अमेरिकेत ठरले.

योजना उत्तम, परंतु व्यवहारात ती वापरताना एक गृहीत नकळत शिरले. कोष्टकात जे लिहिले आहे ते आत्ता खरे आहे, एवढेच ते सांगते. भाव बदलला की जुना पुसून नवा लिहावयाचा. गिऱ्हाइकाचा पत्ता बदलला की जुना गेला. भाषेत तारखेचा रकाना होता, परंतु 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशा अवधीचे ज्ञान तिला नव्हते. ते प्रत्येकाने आपापल्या अकलेने जुळवावयाचे, आणि आमच्या कारकुनासारखे चुकावयाचे.

पहिली तारीख: गोष्ट खरी केव्हा होती

गव्हाच्या मर्यादेचेच उदाहरण घेऊ. 'गहू, घाऊक, ५०० टन' अशी एकच ओळ ठेवली, तर जानेवारीची तपासणी करणारा फेब्रुवारीच्या मापाने आम्हांस मोजील. म्हणून कोष्टक असे हवे:

१२ जून २०२३ पासून १४ सप्टेंबर २०२३ च्या आधीपर्यंत: ३,००० टन
१४ सप्टेंबर २०२३ पासून ८ डिसेंबर २०२३ च्या आधीपर्यंत: २,००० टन
८ डिसेंबर २०२३ पासून ८ फेब्रुवारी २०२४ च्या आधीपर्यंत: १,००० टन
८ फेब्रुवारी २०२४ पासून १ एप्रिल २०२४ च्या आधीपर्यंत: ५०० टन

हुकूम ३१ मार्चपर्यंत होता, तरी शेवटच्या ओळीत १ एप्रिल का, असे कोणी विचारील. यातच खुबी आहे. प्रारंभाचा दिवस धरावयाचा, शेवटचा धरावयाचा नाही. असे केले म्हणजे एका ओळीचा शेवट हाच पुढील ओळीचा आरंभ होतो. मध्ये एकही दिवस सुटत नाही आणि एकही दिवस दोनदा येत नाही. खंड खरोखरच असेल तर तोही स्वच्छ दिसतो. १ एप्रिल २०२४ पासून मर्यादा नव्हती, दर शुक्रवारी साठा कळविण्याचे बंधन तेवढे होते. पुढे २४ जून २०२४ रोजी पुन्हा ३,००० टनांची मर्यादा आली. ही पावणेतीन महिन्यांची मोकळी जागा कोष्टकात आपोआप उमटते.

कराचेही असेच. १८ जुलै २०२२ पासून, आगाऊ बांधलेल्या व लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळी व पिठाच्या पिशव्यांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. तत्पूर्वी नोंदणीकृत ब्रँड नसलेल्या मालावर तो नव्हता. ज्यांनी संगणकात कराचा जुना आकडा पुसून त्या जागी ५ लिहिला, त्यांनी त्याआधीचे बिल पुन्हा छापून पाहावे. कर न घेतलेल्या बिलावर कर दिसेल.

अशा अवधींची राखण स्वतः डेटाबेसने करावी, ही या विषयातील पहिली मागणी. तिचे तीन भाग आहेत. एक, किल्लीतच अवधी धरावा. म्हणजे एकाच मालाच्या दोन ओळींचे दिवस एकमेकांवर चढले तर यंत्राने नोंद नाकारावी. दोन, अवधीच्या मधल्याच काही दिवसांपुरता बदल करता यावा. गोदामाचे भाडे एप्रिल ते सप्टेंबर ठरले आणि फक्त जुलैपुरते वाढले, तर एका ओळीच्या तीन ओळी यंत्रानेच कराव्यात. तीन, दोन कोष्टकांचा संबंध जुळविताना अवधीही जुळवावा. गोदामाचा भाडेकरार ३० सप्टेंबरला संपला असता कोणी ऑक्टोबरचा माल त्याच गोदामात दाखवू लागला, तर यंत्राने 'करार नाही' म्हणून हात धरावा.

दुसरी तारीख: आम्हांस कळले केव्हा

आमच्या प्रकरणाचे मूळ मात्र एवढ्याने सुटत नाही. माल कोणत्या दिवशी गेला ही एक तारीख. ती नोंद वहीत कोणत्या दिवशी झाली, आणि कोणत्या दिवशी बदलली, ही दुसरी. समजा, १९ जानेवारीस हमालांच्या मोजणीत चूक होऊन ४२० पोती असता २४० लिहिली गेली व ५ फेब्रुवारीस ती उघडकीस आली. '१९ जानेवारीस पोती किती होती?' या प्रश्नास आता दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. आजच्या माहितीप्रमाणे ४२०. त्या दिवशीच्या वहीप्रमाणे २४०. व्यापारी खोटे बोलला की चुकला, याचा निवाडा दुसऱ्या उत्तरावाचून होत नाही. नुसते पहिले उत्तर जपणारी वही प्रामाणिक माणसालाही चोर ठरवू शकते.

जुन्या वहीत हे ज्ञान होते. वही शिवलेली, पाने मोजलेली. खाडाखोड करावयाची नाही. चूक झाली तर सापडेल त्या दिवशी उलट नोंद करावयाची आणि सबब लिहावयाची. त्यामुळे चूकही राहते, दुरुस्तीही राहते, आणि दुरुस्तीचा दिवसही राहतो. संगणकात याच तत्त्वाची योजना अशी: ओळ बदलली वा काढली की जुनी ओळ नष्ट न होता तिच्यावर 'अमुक क्षणापर्यंत वहीत होती' असा शिक्का पडतो. हा शिक्का यंत्र मारते. कारकुनास तो मागील तारखेचा मारता येत नाही. ही सोय आमच्या यंत्रात असती तर '१९ जानेवारीच्या वहीप्रमाणे साठा सांग' एवढ्या एका प्रश्नावर ९४६ हे उत्तर मिळाले असते, आणि बिल कोणत्या दिवशी उडविले गेले तेही कळले असते. कंपनी कायद्याखाली येणाऱ्या पेढ्यांस तर १ एप्रिल २०२३ पासून अशा फेरफारांची तारीखवार नोंद ठेवणारी व ती बंद न करता येणारी हिशेबप्रणालीच वापरणे बंधनकारक झाले. आपल्यापैकी पुष्कळांच्या पेढ्या भागीदारीच्या आहेत, त्यांस हा नियम लागत नाही. पण गरज त्यांसही तेवढीच आहे.

विद्वानांचा वाद

एवढी उघड गोष्ट संगणकात येण्यास इतकी वर्षे का लागली, हे आम्ही सूनबाईंस विचारले. त्यांनी सांगितलेली हकीकत मोठी उद्बोधक आहे.

अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८० च्या दशकात पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस रचला. त्यात जुनी ओळ पुसली जात नसे. मागील कोणत्याही क्षणाची स्थिती विचारता येई. परंतु त्याने जागा फार लागे आणि काम मंदावे. म्हणून १९९७ साली पुढील मंडळींनी ती सोयच काढून टाकली. दरम्यान ॲरिझोना विद्यापीठाचे रिचर्ड स्नॉडग्रास यांच्या पुढाकाराने अनेक अभ्यासकांनी मिळून १९९४ साली टीएसक्यूएल-२ ही कालविषयक भाषा मांडली, व तिच्या आधारे एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात भर घालण्याचा प्रयत्न झाला. त्यास ह्यू डार्वेन व क्रिस डेट या दोघांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की या योजनेत काळ हा ओळीला अदृश्यपणे चिकटविलेला आहे; कॉडच्या मूळ तत्त्वाप्रमाणे कोष्टकातील प्रत्येक गोष्ट उघड्या रकान्यात दिसली पाहिजे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, दोन नंबरची वही नको! वाद मिटला नाही, आणि २००१ साली प्रमाणाचा तो भाग गुंडाळला गेला. डेट व डार्वेन यांनी ग्रीक अभ्यासक निकोस लोरेंट्झोस यांच्यासह पुढच्याच वर्षी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

अखेर डिसेंबर २०११ मध्ये एसक्यूएलच्या नव्या प्रमाणात दोन्ही तारखांस स्थान मिळाले. प्रारंभ व शेवट हे दोन उघडे रकाने ठेवावयाचे आणि त्यांचा मिळून एक अवधी आहे असे यंत्रास सांगावयाचे, अशी तोड निघाली. प्रारंभ धरावा, शेवट धरू नये, हा वर सांगितलेला संकेतही त्यात आला. आयबीएमच्या डीबी-२ ने दोन्ही तारखा २०१० पासूनच आणल्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने २०१६ च्या आवृत्तीत दुसरी तारीख घेतली. मारियाडीबीने २०१८ साली दुसरी व नंतरच्या आवृत्तीत पहिली घेतली.

पोस्टग्रेसचा वारस पोस्टग्रेस्क्यूएल याची कथा आम्हांस विशेष भावली. २०१२ साली त्यात अवधी हा स्वतंत्र प्रकार आला. पुढे, दिवस एकमेकांवर चढू न देणारी किल्ली सतराव्या आवृत्तीसाठी तयारही झाली. परंतु मे २०२४ मध्ये कर्त्यांनी ती स्वतःच मागे घेतली. कारण एक बारीक छिद्र सापडले होते. ज्या अवधीत एकही दिवस नाही असा रिकामा अवधी दुसऱ्या कशावरच चढत नाही. म्हणून रिकाम्या अवधीच्या हव्या तितक्या ओळी किल्लीखालून निसटू शकत. छिद्र बुजवून ती किल्ली सप्टेंबर २०२५ मध्ये अठराव्या आवृत्तीत आली. दुसऱ्या तारखेची सोय मात्र त्या आवृत्तीत अंगभूत नाही. ती वेगळी जुळवावी लागते. शून्य दिवसांच्या भाडेकरारासाठी एवढी मंडळी वर्षभर थांबली, हे ऐकून आम्हांस त्या परदेशस्थ कारागिरांविषयी आदर वाटला. रोजमेळात एका पैशाचा फरक राहिला तर दिवा मालवू नये, असे आमचे वडील सांगत. ही त्यातलीच जात.

सभासदांनी काय करावे

डेटाबेस कोणता घ्यावा हे ठरविणे आपले काम नव्हे. परंतु हिशेबाची प्रणाली विकावयास येणाऱ्यास पुढील पाच प्रश्न अवश्य विचारावेत.

१. जुने बिल काढून टाकले तर ते खरोखर नाहीसे होते, की मागे राहते?
२. भाव, कर वा मर्यादा बदलताना यंत्र 'कोणत्या तारखेपासून' असे विचारते काय?
३. मागील एखाद्या दिवसाचा साठा आजच्या माहितीप्रमाणे आणि त्या दिवशीच्या वहीप्रमाणे, असा दोन्ही प्रकारे मिळतो काय?
४. नोंदीची वेळ यंत्र लावते की कारकून? ती मागे नेता येते काय?
५. जुन्या ओळी किती काळ जपल्या जातात? जीएसटीच्या कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने राखावे लागतात. त्याहून कमी काळ नसावा.

जुन्या ओळी राखावयाच्या तर जागा अधिक लागते, काम किंचित मंदावते, दोन पैसे जादा पडतात. आम्ही ते देतो. २०२४ च्या दिवाळीपासून आमच्या पेढीवर नवी प्रणाली चालू आहे. तोच कारकून ती चालवितो. आम्ही त्यास काढले नाही. चूक झाली तर तो आता उलट नोंद करतो, सबब लिहितो आणि दिवाणजींस दाखवितो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. दोन तारखा ठेवणारे यंत्र खरे-खोटे ओळखत नाही. खोटे लिहिले तर खोटेच जपून ठेवील, आणि ते कोणत्या दिवशी लिहिले तेही सांगेल. सचोटी यंत्रात नसते, ती गादीवर असावी लागते. पण सचोटीने वागणाऱ्या माणसास आपण त्या दिवशी काय जाणत होतो हे दाखविण्याची वेळ आली, तर त्याच्या हाती पुरावा असावा, एवढीच आमची विनंती आहे. आम्हांस तो दिवाणजींच्या वहीने दिला. प्रत्येक पेढीवर असे दिवाणजी असतीलच असे नाही.

इत्यलम्.